झुंबरचं सोंग आणि कॅनडावाला

झुंबर माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात एकदा गाठ बसली की ती सुटेपर्यंत दुसऱ्याला सुखाने चहा पिऊ द्यायचा नाही. ही गाठ बसली आमच्याच पडवीत, म्हणून तिची गोष्ट मीच सांगते.

कुंभवलीत आमचं घर. शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमाराला माझ्या नवऱ्याने, महादूने, पडवीत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मांडून व्हिडिओ सुरू केला. दारात मी चहा आणि तळलेले बोंबील विकायचे. पाळी सुटली की एमआयडीसीतले कामगार येऊन बसायचे. झुंबर तर आमच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहायचा. इगतपुरीपलीकडच्या डोंगरातला गडी, रंगाच्या कारखान्यात कामाला. हात, पाय, नखं कायम जांभळी.

हिंदी कॅसेट मिळाली नाही की महादू पालघरहून इंग्रजी घेऊन यायचा. त्यातला एक शब्द कोणाला कळायचा नाही, महादूलाही नाही, पण तो बेधडक अर्थ सांगायचा. त्या पिक्चरांत एक लांब नाकाचा गोरा फिरून फिरून दिसायचा. कॅसेटवाला म्हणाला, हा कॅनडाचा. नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून आमच्यासाठी तो कॅनडावाला. एकदा त्याने बँक लुटली आणि पहारेकऱ्याला मारलं. पुढच्या खेपेला तो चर्चमधला पाद्री. मग डॉक्टर, मग बायकोला घाबरणारा मास्तर. एकदा तर बर्फाळ समुद्रावरचा मच्छीमार झाला. जाळं असं टाकत होता, जशी मी चादर झटकते.

"याला सातपाटीच्या कोळ्यांत आणा, उपाशी मरंल मेला," मी म्हटलं. सगळे हसले. झुंबर मात्र टीव्हीकडे टक लावून बसला होता.

"वहिनी, याच्या घरचं सोंग कंचं?" त्याने विचारलं.

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. त्यांच्या गावात देवीचा बोहाडा होतो. लाकडी मुखवटे घालून देवांची आणि राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर नाचवतात. कोणतं सोंग कोणी घ्यायचं, हे घराण्याने ठरलेलं. देवी नागोरावच्या घरची, म्हैसासुर झुंबरच्या घरचा. शेवटच्या दिवशी देवी त्याला मारते. झुंबरच्या आज्याला मारलं, बापाला मारलं, आता दरवर्षी झुंबरला मारते. सगळा गाव त्याच्या आईला, गोजराबाईला, "राक्षसाची आई" म्हणूनच हाक मारतो. चेष्टेनेच, पण ती झुंबरच्या काळजाला लागायची.

त्याच साली गावाहून निरोप आला. नागोराव गाडीवरून पडला, मांडी मोडली. त्याला मूलबाळ नाही. पंचांचं म्हणणं, झुंज झुंबरला पाठ आहे, तर यंदा देवी त्यानेच घ्यावी. म्हैसासुर नागोरावचा पुतण्या भगवंत घेईल. आणि नीट पार पडलं, तर देवीचा मान पुढेही झुंबरच्याच घरी राहील.

माणसाने पेढे वाटले असते. हा तोंड पाडून माझ्या चुलीपाशी येऊन बसला.

"म्या देवी घेतली, तर म्हैसासुर कुठं जाईल?"

"भगवंताकडं जाईल की."

"त्यो मुखवटा जाईल, वहिनी. माझ्यातला?"

मग सुरू झालं. त्याने महादूच्या मागे लागून कॅनडावाल्याच्या कॅसेटी पुन्हा पुन्हा लावायला लावल्या. टीव्हीला नाक लावून बसायचा. "पाद्री झालाय खरा, पर चालतोय बघा, उजवा खांदा फुडं. बँकेत ह्योच खांदा व्हता. मंग बदलतो कुठं ह्यो?"

महादू वैतागला. "अरे, कपडे बदलतो, झाला! त्याचा धंदाच हाय तो."

"कपडे बदलून देवी हुती व्हय?"

यावर महादूने कपाळावर हात मारून घेतला. खरं सांगते, माझंही डोकं फिरलं होतं. पाद्री गोड हसला की मला बँकेतला पहारेकरी आठवायचा, आणि त्या भल्या माणसाचा उगाच राग यायचा.

शेवटी मीच झुंबरला दटावलं. "तुमाला घ्यायचीय का नाय, ते सांगा ना एकदा!"

"घ्यायचीय," तो म्हणाला. "आईला येकदा तरी लोकांनी देवीची आई म्हनावं. मोतीबिंदू वाढलाय तिचा. नजर जायच्या आत तिनं बघावं."

चैत्रात आम्ही दोघंही त्याच्याबरोबर गेलो. उजाडता उजाडता देवीचं सोंग निघालं. भरजरी लुगडं, शेंदरी मुखवटा, हातात तलवार. बायका आरत्या घेऊन धावल्या. गोजराबाई माझ्याजवळच होती. मी तिला हात धरून पुढे नेलं. तिने ओटी भरली आणि देवीच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या पायांची नखं जांभळी होती. ते पाय एकदम मागे सरले. संबळवाल्याने डोळे वटारले, तेव्हा कुठे त्यांनी पुन्हा ताल धरला.

मग म्हैसासुर आला. भगवंत दांडगा, काळा मुखवटा, नुसती धूळ उडवत होता. पण झुंबर काय नाचला! घाव कुठे बसणार हे त्याला जन्मापासून ठाऊक. तलवार खाली आली, म्हैसासुर कोसळला, "उदो उदो" म्हणत गाव उसळला.

आणि गोजराबाई पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडायला लागली.

"आजी, तो झुंबर नाय! तो भगवंत हाय," मी तिच्या कानात ओरडले. "तुमचा झुंबर देवी झालाय!"

"ठावं हाय मला."

"मग रडता कशाला?"

"पडला त्यो माझाच ना?" ती म्हणाली.

आम्ही बायका पुढेच बसलेल्या, देवी चार हातांवर. झुंबरने ते ऐकलं असणारच. देवीने आता आनंदाने फेर धरायचा होता, पण ती तलवार तशीच खाली धरून म्हातारीसमोर उभी राहिली. मुखवट्याआड काय चाललं होतं, देव जाणे.

पंच खूश होते. बायका गोजराबाईला "देवीची आई, देवीची आई" म्हणून कुंकू लावायला आल्या. ती आपल्या मागे वळून बघायला लागली, जणू त्या दुसऱ्याच कोणाला बोलावत होत्या. झुंबरने मुखवटा उतरवला आणि नागोरावच्या खाटेवर नेऊन ठेवला.

"फुडल्या सालाला भगवंताला देवी शिकवा. माझं मला द्या."

एवढं मिळालेलं सोडून दिलं, म्हणून महादू परतीच्या वाटेवर त्याला सारखा बोलत होता.

कुंभवलीला आल्यावर महादूने नवीन कॅसेट आणली. त्यात कॅनडावाला राजा झाला होता आणि शेवटी डोक्यावर मुकुट घालून मजेत बसला होता. लोक टाळ्या वाजवत उठले. झुंबर काळ्या पडद्याकडे बघत बसूनच राहिला.

"वहिनी, याला आई असंल ना?"

"असंल की."

"मंग ती कंच्या पिक्चरला रडत असंल?"

मी कढईतले बोंबील उलटत राहिले.