शंभर घोड्यांची राणी

सौदीतून कायमचं परत येताना विमानतळावर आमच्या बॅगा तीनदा वजनाला लावल्या होत्या. किस्से वजनात धरत नाहीत हे नशीब, नाहीतर आम्ही अजून दम्मामलाच बसलो असतो. आता कॉलनीतल्या बायकांनी माझे सगळे किस्से दोन-दोनदा ऐकलेत. तरी हळदीकुंकवाला कोणीतरी म्हणतंच, "सुमनताई, ते राणीचं सांगा ना." आणि मी काही आढेवेढे घेणाऱ्यातली नाही.

फक्त आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे मी सारखी का धास्तावायचे ते कळेल. माझे वडील, आबा, मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. एक टांगा, एक घोडा. लग्न जमवताना मामांनी कराडच्या पाहुण्यांना सांगितलं, "मुलीकडे घोड्यांचा व्यवसाय आहे." पाहुण्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. बघायच्या दिवशी आबांनी कुणाचा तरी कोट घातला, टांगा शेजारच्या गणूकडे लपवला, आणि मी डिप्लोमावाल्या इंजिनिअरची बायको झाले. पुढे दर दिवाळीला जावई यायचे म्हटलं की घोडा गणूच्या गोठ्यात. सहा वर्षं मी ह्यांना खरं सांगितलं नाही. खोटं आबांचं, झोप माझी उडालेली.

* * *

तेलाचे दिवस होते. रोज नवा रस्ता, नवी पाइपलाइन. दम्मामजवळ अमेरिकन लोकांचा भिंतीच्या आतला मोठा कंपाउंड होता आणि ह्यांचं काम त्याच कंपनीत. तिथल्या एका साहेबाची बायको कॅरल. ती लग्नाआधी तिच्या ओक्लाहोमा राज्याची रोडिओ क्वीन होती. म्हणजे राज्याच्या नावाचा पट्टा लावायचा, मोठी हॅट घालायची आणि गावोगावच्या घोड्यांच्या खेळात घोड्यावरून मिरवत हात हलवायचा. मी म्हटलं, बरं काम आहे.

तिला सौदीत करमेना, म्हणून तिने ठिकठिकाणच्या अमेरिकन कंपाउंडमध्ये घोड्यांचे शो सुरू केले. हुफूफ, रियाध, शेवटी दम्माम. प्रत्येक शोमध्ये निरनिराळ्या राज्यांच्या राण्या. एका पार्टीत तिने विचारलं, "इंडियन लेडीजपैकी घोडा कुणाला येतो?"

ह्यांनी हातातला समोसा बशीत ठेवला. "आमच्या मिसेसला. त्यांच्या घरी घोड्यांचंच काम."

माझ्या हातातलं सरबत साडीवर सांडलं. कॅरलने तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं आणि महाराष्ट्राचं स्पेलिंग मला तीनदा विचारलं.

* * *

आता मला घोडा येत होता, पण तो कृष्णेवर धुवायला नेण्यापुरता. उघड्या पाठीवर बसायचं, आयाळ धरायची, झालं. कॅरलचं खोगीर म्हणजे आमच्या घरातल्या एकुलत्या एक खुर्चीपेक्षा ऐसपैस. मी त्यावर बसले आणि मला काही धरायलाच सापडेना. तरी पडले नाही. कॅरल म्हणाली, "पाठ छान ताठ आहे." ती भीतीने ताठ होती.

दोन फेऱ्या मारल्यावर मला टापांचा आवाज खटकला. मी बोलून गेले, "मागच्या डाव्या पायाचा नाल ढिला झालाय." तबेल्यावरच्या सुदानी इद्रिसने पाय उचलून बघितला. दोन खिळे गायब. कॅरल माझ्याकडे बघतच राहिली. "हे कुणी शिकवलं?"

"आमच्याकडे नालाला माणसं असायची," मी म्हटलं. "बघून बघून कळतं."

माणसं कुठली? अंधारात, कंदील लावून, तोंडात खिळे धरून आबाच नाल ठोकायचे आणि कंदील मी धरायची. त्या दिवशी घरी आल्यावर मला आबांचं तोंड आठवून रडू आलं. ह्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, कांदा.

* * *

मग झेंड्याची भानगड. प्रत्येक राणीने आपल्या राज्याचा झेंडा घेऊन यायचं असा कॅरलचा नियम. ओक्लाहोमाला झेंडा, टेक्सासला झेंडा. मी सांगितलं, आमच्या राज्याला झेंडा नाही, देशाला आहे. तिला पटेना. "झेंडा नाही, तर लोक ओळखतात कसे?"

मी गेले हसनचाचांकडे. चाचा श्रीवर्धनचे, दम्मामच्या बाजारात शिवणाचं दुकान, आणि साऱ्या मराठी घरांचे पडदे त्यांच्याच हातचे. ते मशीन थांबवून विचारात पडले. शेवटी मी माझा खण पुढे केला, म्हटलं ह्याचा शिवा.

चाचांनी चष्मा काढला. "वहिनी, चोळीचं कापड काठीला लावून सगळ्यांसमोर फिरवणार? मी नाय शिवणार. माझी बायको ऐकेल तिकडे."

मग माझ्या हिरव्या इरकलीचा पदर कापला. चाचांनी इतका नीट शिवला की काठ दोन्ही बाजूंना उभे, मधे लाल. कॅरलने हात लावून बघितला आणि म्हणाली, "इतका सुंदर झेंडा असून नाही का म्हणत होतीस?" मला हायसं वाटलं. साडीचं दुःख नंतर झालं.

* * *

हुफूफच्या वाटेवर चेकपोस्ट लागलं. डिकीत काय, तर नऊवारी, नथ, इरकलीचा झेंडा आणि कॅरलने सोबत दिलेला लगाम. पोलिसाने लगाम वर उचलला. "घोडा कुठे आहे?"

हे मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाले, "हुफूफला."

"लगाम कुणासाठी?"

"राणीसाठी."

"राणी कुठे आहे?"

ह्यांनी मागच्या सीटकडे बोट केलं. मी काळ्या, पायघोळ अबायात, मांडीवर दशम्यांचा डबा. पोलिसाने इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, मागितला, माझा फोटो बघितला, पानं उलटीपालटी केली. "इथे राणी असं लिहिलेलं नाही."

तेवढ्यात ह्यांनी त्याला नऊवारी दाखवली, हात हलवून दाखवला, अगदी कॅरल हलवते तसा. आणि म्हणाले, "घोडा तुमचा अरबी, राणी आमची मराठी." तो पोलीस असा हसला की आतल्या दोघांना बाहेर बोलावून परत ऐकवलं. मग खजुराचा एक मोठा पुडा आमच्या बॉनेटवर ठेवला आणि म्हणाला, "यल्ला, चला, राणीला उशीर होईल." पुढचे वीस किलोमीटर मी खजूर खात होते.

* * *

रियाधला मात्र हद्द झाली. नालाची गोष्ट कॅरलने कुणाला सांगितली, तिने पुढे कुणाला, आणि तिथवर पोचेपर्यंत माझे आबा सरदार झाले होते. मी नऊवारीत घोड्यावर, नथ सावरतेय, हातात इरकल. भोंग्यावरून एक साहेब ओरडला, "आता येत आहेत प्रिन्सेस सुमन, महाराष्ट्र! ज्यांच्या वडिलांच्या पागेत शंभर घोडे आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट. मी हात हलवला. दुसरं काय करणार? रियाधच्या हॉस्पिटलमधल्या दोन मराठी नर्सेस धावत आल्या आणि झेंड्याला हात लावून म्हणाल्या, "अगं, हा तर आईचा पदर." त्या रडायला लागल्या, मग मीही. प्रिन्सेसचं काजळ गालावर उतरलं.

हे मात्र कुंपणाशीच उभे होते. खाली उतरल्यावर मी धीर करून म्हटलं, "तो शंभर म्हणाला. लोक उगाच वाढवतात हो."

"असू दे," हे म्हणाले. "मी निम्मे धरतो."

ह्यांनी चिडवलं की खरंच पन्नास धरले, मला कळेना. परतीच्या वाटेवर मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. मनात ठरवलं, आता एकच शो राहिलाय, तो दम्मामचा. तो नीट पार पडला की कानाला खडा.

* * *

दम्मामच्या शोला कॅरलने प्रिन्सेससाठी सरप्राइज ठेवलं होतं. दोन चाकांची गाडी. नवीकोरी, पांढरा रंग, पुढे तांबडा घोडा, हाकायला इद्रिस. मी मागे राणीसारखी बसले, शेजारी जनरल मॅनेजरच्या दोन मुली. त्या गाडीला इंग्रजीत काहीही म्हणा, मला तो टांगा होता.

मैदानाच्या मधे कुणाचा तरी फुगा फुटला. घोडा उधळला. इद्रिस हिसक्याने खाली पडला, तो नशिबाने वाळूत. लगाम सुटले, मुली किंचाळायला लागल्या, आणि घोडा थेट लोखंडी कुंपणाकडे.

मी काय विचार केला म्हणता? काहीच नाही. कासोटा घट्ट होताच. पुढे उडी मारली, एक पाय दांडीवर, लगाम ओढून मनगटाला गुंडाळले आणि आबांच्या आवाजात सुरू झाले. "होऽ होऽ राजा, घर आलं रे, आलं बघ घर." टाळूला जीभ लावून टक् टक्. घोड्याचे कान मागे वळले. अमेरिकेतून आणलेला घोडा, पण त्याला ते समजलं. कुंपणापासून दोन हातांवर मी त्याला वळवला.

वळवला तर समोर जनरल मॅनेजर धावत येतायत, मुलींना वाचवायला. मी ओरडले, "ओ पाव्हणं, बाजू! बाजूला व्हा की, डोळं फुटलं काय!"

ते टुणकन बाजूला झाले. मराठी येत नसताना.

मग मी गाडी चालत्या चालीने आणून बरोबर फाटकासमोर उभी केली, स्टेशनसमोर करतात तशी, थोडी तिरकी. मुलींना एकेक हात धरून उतरवलं. त्यांची आई मला मिठी मारून रडत होती. कॅरलने घातलेला मुकुट केव्हाच पडला होता, पायात एकच चप्पल होती.

आणि कुंपणापाशी हसनचाचा ह्यांच्या खांद्यावर हात टाकून मोठमोठ्याने सांगत होते, "साहेब, मी मिरजेच्या उरुसाला गेलेलो. स्टेशनवरचे टांगेवाले अगदी असंच बोलतात. अगदी असंच! उभंपण असंच राहतात."

मी जमिनीकडे बघितलं.

* * *

परत येताना गाडीत मी मागे बसले होते. उन्हं कलली होती. माझा हात लगामाने सोलवटलेला, त्यावर ह्यांनी रुमाल बांधून दिला होता. इतका वेळ गप्प बसण्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं, असं वाटलं.

"ऐका ना. माझे आबा टांगा चालवायचे. मिरज स्टेशनवर. घोडा एकच होता."

"ठाऊक आहे," हे म्हणाले आणि गिअर बदलला.

"कधीपासून?"

"तुला बघायला आलो ना, त्याच्या आठ दिवस आधी मी एकटाच गुपचूप मिरजेला आलो होतो. म्हटलं, मुलीची, घराची जरा चौकशी करावी. स्टेशनवर एक टांगा केला. टांगेवाला बोलका वाटला, म्हणून त्यालाच तुमचा पत्ता सांगितला आणि विचारलं, माणसं कशी आहेत?"

मी पुढच्या सीटला घट्ट धरलं. "मग?"

"त्याने घोडा थांबवला. मागे वळून मला नीट बघितलं. म्हणाला, पोरगी डोळे झाकून करा, अशी मिळायची नाही. बाप मात्र थापाड्या आहे. तो सांगेल त्यातलं निम्मं धरा."