जांभळीच्या ढोलीतला गोटा

तलावाच्या काठी चांगले गोटे शोधायचे असतील तर पाळीकडे, म्हणजे बांधाकडे, फिरकू नये. पाळीवरचा दगड बाहेरून ट्रॅक्टरने आणून ओतलेला असतो, त्याचा त्या तलावाशी काही संबंध नसतो. जायचं ते पाळीच्या बरोबर समोरच्या टोकाला, जिथे जंगलातला नाला तलावात उतरतो. पाण्याचा जोर तिथे मोडतो आणि जड ते आधी खाली बसतं. दुसरी जागा म्हशी पाण्यात शिरतात ती. त्यांच्या खुरांनी गाळ उलटापालटा होतो आणि वर्षानुवर्षं दबलेला गोटा एका दिवसात वर येतो. जायचं एप्रिल-मे महिन्यात, पाणी मागे सरलेलं असताना, आणि ऊन उतरू लागल्यावर. सूर्याकडे तोंड करून चालायचं. गार म्हणजे गारगोटी असेल तर तिच्यातून उजेड येतो, साधा दगड असेल तर काळा दिसतो.

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ब्रह्मपुरीपासून बसने तासाभरावर एक तलाव आहे. तिथे मासे धरणाऱ्या एका भाऊंनी मला हे शिकवलं.

त्या भागात मी अठ्ठावीस वर्षं नर्सबाई होते. लसीची पेटी खांद्याला आणि परत येताना पिशवीत गोटे, असा माझा हिशेब. गावातल्या बाया मला हसायच्या. सासरमाहेरचं काही धड नसलं की माणूस दगड गोळा करतं, असं एक जण माझ्या तोंडावर म्हणाली होती. ती अगदीच चुकीचं बोलली असं नाही, पण मी तिला त्या दिवशी बरंच सुनावलं.

भाऊंना मात्र माझं वेड कळलं. जाळं ओढताना त्यांच्या तळव्यांना तलावाचा तळ ओळखीचा झाला होता. वेगळा गोटा लागला की ते बुडी मारून काढत. काठावर एक जुनी जांभूळ आहे, तिच्या बुंध्यात हात जाईल एवढी ढोली. काढलेला गोटा ते चिंधीत गुंडाळून त्या ढोलीत ठेवत. मी येईन तेव्हा उचलायचा आणि बदल्यात तंबाखूची पुडी ठेवायची, असं आमचं न बोलता ठरून गेलं. तंबाखू सोडा म्हणून गावोगाव भाषणं ठोकणारी मी, आणि माझी पर्स त्यांच्या पुड्यांनी भरलेली. निवृत्त झाल्यावरही हे चालूच राहिलं. महिन्या-दोन महिन्यांनी मी बस धरून यायचे, ढोलीत हात घालायचे, नाल्याच्या तोंडाशी तासभर फिरायचे आणि चारची बस गाठायचे. ते काठावर असले तर बोलणं व्हायचं, नसले तर नाही.

त्यांचं घर तलावापासून दोनशे पावलांवर होतं. इतक्या वर्षांत मी तिथे एकदाही गेले नाही. चहाला चला म्हणत, मी बसचं कारण सांगायचे. घरच्यांपैकी कोणाचा फोन नंबरही मी घेतला नाही. काय घ्यायचा होता, गोटे तर ढोलीत मिळतच होते.

शिवरात्रीच्या सुमाराला ते भेटले तेव्हा खोकत होते. गळ्याची हाडं वर आलेली. मी म्हटलं, "भाऊ, किती दिवसांपासून खोकताय?"

"होते जी थोडासा. पाण्यात राहून राहून."

"तालुक्याला जाऊन छातीचा फोटो काढा."

"हाव," म्हणाले, आणि मुठीतून एक हिरव्या छटेची गार काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती उन्हात धरून पाहत बसले. नोकरीत असते तर थुंकीची डबी हातात देऊन, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन बसले असते. इतक्या जणांना मी असं मागे लागून लागून औषधं गिळायला लावली आहेत. त्यांना फक्त सांगितलं आणि चारची बस धरली. 

मग मे महिन्यात गेले. काठावर कोणी नव्हतं. ढोलीत हात घातला तर चिंधीत गुंडाळलेला एक गोटा. चिंधी पांढरी, धुवट आणि ओलसर. आत मुठीएवढी दुधी गार आणि तिच्याभोवती लाल रेघ, मधे कुठेही न तुटता पूर्ण फिरलेली. असा गोटा मला आयुष्यात मिळाला नव्हता. एका बाजूला काजळीसारखं काही लागलं होतं, आणि बारीक काळं बी चिकटलेलं. गवताचं असेल म्हणून मी फुंकर मारली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एकाऐवजी दोन पुड्या ठेवल्या. नाल्याकडे गेलेच नाही, आणखी शोधायची गरज वाटली नाही.

घरी येऊन त्याला साफ करायला घेतलं. गारेवरचा तांबूस डाग नुसत्या पाण्याने जात नाही. संडास धुवायचं ॲसिड पाण्यात घालायचं आणि गोटा त्यात चार-पाच दिवस ठेवून द्यायचा, ही माझी नेहमीची रीत. मोरीत एक प्लास्टिकचा मग त्यासाठीच आहे. आधी जुन्या टूथब्रशने काजळी घासून काढली आणि गोटा मगात टाकला. पाचव्या दिवशी बाहेर काढला तेव्हा लाल रेघ अशी उजळली होती की मी तो स्टीलच्या ताटलीत पाणी घालून खिडकीत ठेवला. येता-जाता पाहत होते. पुढच्या आठवड्यात तो पिशवीत घेऊन मी पुन्हा बस धरली. हा कुठे सापडला, ती जागा मला भाऊंकडून काढून घ्यायची होती. तसा आणखी एखादा तिथे असणारच, एवढीच हाव.

काठावर ते नव्हते. तलावात कोणाचंच जाळं नव्हतं. ढोली रिकामी. तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी ती दोनशे पावलं चालले.

अंगणात त्यांची बायको बसली होती. कपाळ मोकळं. मला पाहून उठली नाही, नुसती म्हणाली, "या बाई. गेले ना ते."

मी ओट्यावर बसले. खोकल्यातून रक्त पडलं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता, असं तिने सांगितलं. अठरा दिवस झाले होते. मी बोटांवर मोजलं. मी ढोलीत हात घातला होता त्याला बारा दिवस झाले होते.

ती आत गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले गोटे. "तुमच्यासाठी ठेवले होते. शिमग्यापासून त्याईले झाडापावतर जाणं होत नव्हतं. मले म्हणत, तू आण. मी आणो, ते हातात धरून पाहत. हा ठेव म्हणत, हा फेक म्हणत. डोळ्याले काई दिसत नव्हतं आखरी-आखरी."

मी गाठ सोडून पाहिलं. रस्त्याच्या गिट्टीचे तुकडे, विटेचा एक झिजलेला टवका, दोन-चार साध्या गारा. ठेवण्यासारखा एकही नव्हता. हे मला एका नजरेत कळलं, आणि अशा वेळी ते कळावं याची लाज वाटली.

मग डोक्यात दुसरं शिरलं. शिमग्यापासून ते झाडापर्यंत गेले नव्हते. मी विचारलं, "मग जांभळीच्या ढोलीत गोटा कोणी ठेवला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. दारात तिचा मुलगा उभा होता, तिशीतला, डोक्याचे केस नुकते फुटू लागलेले. तो म्हणाला, "मीच ठेवला होता जी. बाबाचा जीवखडा."

मयताला अग्नी देताना ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात, तो जीवखडा. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात राहतो असं मानतात. त्याच्यावर रोज तीळ घालून पाणी सोडतात आणि दहाव्याला तो पाण्यात शिरवतात. मसणात बाया जात नाहीत. माझ्या घरच्या दोन मयतींत हा शब्द मी ऐकला होता, दगड कधी पाहिला नव्हता.

"घरात ठेवता येत नाई," मुलगा सांगत होता. "म्हटलं, बाबा गोटे त्या ढोलीतच ठेवत, त्याईचीच जागा हाय. सा दिवस रोज पाणी देल्लं. सातव्या दिवशी पाह्यतो त नाई. तंबाखूच्या दोन पुड्या होत्या फक्त. वाटलं, कोणी बाबाच्या नावानं ठेवून गेलं."

"याले म्हटलं होतं, लक्ष ठेव," त्याची आई म्हणाली. तिचा आवाज एकदम कडक झाला. "बापाचा जीव सांभाळता नाई आला याले. काठावरचा दुसरा गोटा घेऊन दहावा केला. कावळा शिवला नाई. दोपारपावतर बसलो. मंग दर्भाचा कावळा करून लावला. ते गेलेच नाईत बाई, इथीच फिरून राह्यले. मले रात्री खोकला आयकू येते."

 मुलगा मान खाली घालून उभा राहिला. मागाहून कळलं की दहाव्यापासून त्याची आई त्याच्या हातचं पाणीही पीत नव्हती.

गोटा माझ्या पिशवीत होता. गप्प बसले असते तर कोणालाही कळलं नसतं. जाताना ढोलीत टाकून जाता आलं असतं, हेही माझ्या मनात येऊन गेलं. पण त्या पोराकडे पाहवेना. मी गोटा काढून तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "मी नेला. मला वाटलं, भाऊंनी माझ्यासाठी ठेवला."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गोटा उचलला नाही, नुसतं बोट लावलं. "हाच का रे?" मुलाला विचारलं. तो खाली बसला, रेघ पाहिली आणि म्हणाला, "हाच. पण एवढा उजळ नव्हता."

तिने पदराच्या टोकाने गोटा पुसला. मग मला विचारलं, "मंग इतके दिवस ते तुमच्या घरी होते?"

"हो."

"उन्हात त नाई ठेवलं?"

"नाही. घरात होता."

"पाणी देल्लं का?"

मी सांगितलं, "हो, दिलं. रोज पाण्यातच होता."

तिचा चेहरा सैल पडला. ती मुलाला म्हणाली, "आयकलं का? तहानले नाई राह्यले ते." इतक्या दिवसांत ती मुलाशी पहिल्यांदाच मायेने बोलली असावी, कारण तो तिथेच रडायला लागला. 

तलावावर आम्ही तिघं गेलो. पाणी इतकं मागे गेलं होतं की मुलाला गुडघाभर गाळातून बराच आत जावं लागलं. कमरेएवढं पाणी लागलं तेव्हा त्याने गोटा दोन्ही हातांनी खाली सोडला. काठावर त्याची आई हात जोडून बसली होती. परत येताना तिने त्याच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी प्यायली. मला म्हणाली, "चहा घेऊन जा बाई." मी घेतला. चारची बस गेली.

गाठोडं मी आणलं आहे. गिट्टी, विटेचा टवका, सगळं. माझ्या गोट्यांच्या कपाटात एक कप्पा रिकामा करून तिथे ठेवलं आहे.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मोरीत गेले. ॲसिडचा मग तसाच कोपऱ्यात होता, पुढच्या गोट्यासाठी मी तो ओतून टाकला नव्हता. दहाव्याच्या दिवशी, तिकडे ती दोघं कावळ्याची वाट पाहत बसली होती तेव्हा, भाऊ या मगात होते. आणि मी तिला सांगितलं होतं, रोज पाण्यात होता. हे तिला कधी सांगणं माझ्याने होणार नाही. तो मग मी उजेडात नेऊन तिरपा केला. तळाशी तीन तीळ होते.