बसलेल्यांसाठीची चाल

पन्नाशीत मी पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेही लोकसंगीताच्या वर्गात. काल जव्हारकडचे एक वारली आजोबा आम्हाला तारपा ऐकवायला आले. भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य त्यांनी तोंडाला लावलं आणि मॅडमनी रेकॉर्डर सुरू केला, आम्ही खुर्च्यांत बसून वह्या उघडल्या. "ही चाल कुठल्या देवाची?" वाजवून झाल्यावर मॅडमनी विचारलं. आजोबांनी लगेच एक देव सांगितला. मला त्या चालीचाच संशय आला. इतक्या चटकन तर मी परीक्षेत थापही मारू शकत नाही!

हेच रेकॉर्डिंग कॉलेज 'अस्सल नाचाची चाल' म्हणून जपून ठेवणार होतं. चहाच्या सुट्टीत मी त्यांना कोपऱ्यात गाठलं.

"आजोबा, खरं सांगा. ही नाचाची चाल नाही ना?"

त्यांनी निवांत चहा संपवला. "नाय. नाचाची वाजली का माणसं माझ्यामागं फेर धरतात. तुमी लिहीत बसले. मंग बसलेल्यांची वाजवली."

संशय खरा ठरला! मी नाचतच वर्गात शिरलो आणि खुर्च्या भिंतीला लावू लागलो.

"काका, हे काय चाललंय?" मुली ओरडल्या.

दारात आजोबा उभे होते. रिकामी होत जाणारी फरशी बघून त्यांनी तारपा उचलला.