नन्नासाहेबांनी टॅब घेतला

कारखान्यात त्यांना समोर नानासाहेब म्हणत आणि पाठ वळली की नन्नासाहेब. पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात स्टोअरची खिडकी त्यांनी अख्खी हयात सांभाळली. सांभाळली म्हणजे शक्यतो बंद ठेवली. कुणी काहीही मागायला आलं की त्यांचं पहिलं उत्तर ‘नाही’ असायचं. काय मागितलंय ते नंतर ऐकायचे. एकदा एका फिटरचा हातमोजा फाटला. जुना दाखवल्याशिवाय नवा मिळणार नाही, असं ऐकून बिचारा जुना घेऊन आला. तो उजव्या हाताचा होता, म्हणून नन्नासाहेबांनी जोडीतला उजवा काढून दिला आणि डावा परत कपाटात ठेवला. निवृत्तीच्या समारंभात मोठे साहेब म्हणाले, ‘यांनी कंपनीचा एक स्क्रू वाया जाऊ दिला नाही.’ मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, ‘कामालाही येऊ दिला नाही.’ नन्नासाहेबांना फक्त टाळ्या ऐकू आल्या.

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, फिरायला जातात. यांनी स्टोअर घरात आणलं. बायको काही वर्षांपूर्वीच गेली होती, त्यामुळे सगळा भार सुनेवर आला. साबण इतक्यात कसा संपला? बल्ब गेला म्हणजे नक्की काय झालं? काडेपेटी दोन ठिकाणी कशाला? सून शाळेत शिकवणारी, दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना उत्तरं देऊन यायची आणि घरी आल्यावर हा तोंडी परीक्षेचा तास. शेवटी एक दिवस ती म्हणाली, “बाबा, तुमच्या घरात श्वास घ्यायचा तरी अर्ज करावा लागेल.” त्यानंतर महिनाभरात मुलानं गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं घर घेतलं. शाळा जवळ पडते, असं कारण दिलं. शाळा पूर्वीही तिथेच होती.

मुलगा आणि सून गेल्याचं नन्नासाहेबांना काहीच वाटलं नाही, असं ते भेटेल त्याला न विचारता सांगायचे. नातीबद्दल मात्र ते कुणाशीच बोलत नसत. सात वर्षांची ती पोर, एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. यांच्या नन्नाच्या पाढ्याला ती अजिबात दाद द्यायची नाही. ‘नाही’ म्हटलं की ती तेच पुन्हा मागायची, मग पुन्हा, मग मांडीवर चढून पुन्हा, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला आजोबा निमूट उठून द्यायचे. जगात त्यांच्याकडून ‘हो’ काढू शकणारं ते एकच माणूस होतं आणि ते आता गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलं होतं. तिच्यावाचून त्यांना करमत नव्हतं. जेवण जात नव्हतं.

फोन करायचा तर तो सुनेच्या हातात लागणार. तिच्याशी आधी बोलायचं म्हणजे नाक खाली करणं, आणि नन्नासाहेबांचं नाक हा त्यांच्या घरातला सर्वांत जपून ठेवलेला माल होता. बराच विचार करून त्यांनी तोडगा काढला. पोरीला स्वतःचा टॅब घेऊन द्यायचा. ती थेट आजोबांशी बोलेल, तोंड दिसेल, आणि मधे सून येणार नाही. टॅब अर्थातच स्वस्तातला. पोर सात वर्षांची, उद्या आपटेल, त्याला काय सोन्याचा मुलामा हवाय?

दुकानातल्या मुलीच्या तो दिवस कायम लक्षात राहील. नन्नासाहेबांनी काउंटरवरचा प्रत्येक टॅब तळहातावर घेऊन वजन केलं, काचेवर बोटानं टकटक करून आवाज ऐकला, आणि एकाचं मागचं झाकण उघडून दाखवा म्हणाले.

“काका, ते उघडत नाही.”

“मग आत माल आहे कशावरून?”

तिनं हसून माहितीपत्रक पुढे केलं. “हा घ्या ना. लहान मुलांसाठीच आहे. रबरी कव्हर येतं, पडला तरी काही होत नाही. बत्तीस जीबी जागा आहे.”

“सगळी मोकळी?”

“सगळी नाही. साधारण निम्मी. बाकीची टॅबच्या स्वतःच्या सिस्टिमला लागते.”

नन्नासाहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे पोत्यावर बत्तीस किलो लिहायचं आणि आत निम्मं पोतंच भरायचं? आमच्या स्टोअरला असा माल आला असता तर ट्रक फाटकातूनच परत गेला असता.”

“सगळ्या कंपन्या असंच लिहितात, काका.”

“चोर सगळे असले म्हणून चोरी कमी होत नाही,” असं म्हणून त्यांनी तोच टॅब घेतला, कारण त्याहून स्वस्त काही नव्हतं.

मग तो सुरू करून द्यायची वेळ आली. मुलीनं विचारलं, “लहान मुलांचं खातं उघडू ना? मग पालकांच्या फोनवर सगळा ताबा राहतो. कोणतं ॲप घ्यायचं, कुणाशी बोलायचं, सगळ्याला पालकांची परवानगी लागते.”

आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या यंत्राबद्दल नन्नासाहेबांना आपुलकी वाटली. “परवानगी कोण देणार?”

“पालक. म्हणजे आई किंवा बाबा. त्यांचा नंबर सांगा.”

“माझा घाला.”

“पण बाळ त्यांच्याजवळ राहतं ना?”

“वस्तू माझी आहे. किल्ली माझ्याकडेच राहणार.”

तिनं खांदे उडवले आणि त्यांचा नंबर घातला. तोच नंबर टॅबमध्ये ‘आजोबा’ म्हणूनही साठवून दिला. “या नंबरला आत्ताच परवानगी देऊन ठेवू? म्हणजे तिला थेट तुम्हाला फोन लावता येईल.”

इथे शहाणा माणूस ‘हो’ म्हणाला असता. नन्नासाहेब म्हणाले, “आत्ता कशालाच देऊ नका. आधी सगळं बंद. जसजसं मागेल तसतसं बघू.” शेवटी त्यांनी मोठ्या मनानं मुळाक्षरं, पाढे आणि घड्याळ एवढं उघडं ठेवायला सांगितलं. पोरीला कितीही मोठा टॅब दिला असता तरी तिला त्यात घड्याळ बघण्यापलीकडे काही करता येणार नव्हतं, याची चोख व्यवस्था झाली. मुलगा येऊन खोकं घेऊन गेला. बाप-बायकोच्या भांडणात त्याचं धोरण म्हणजे जे हातात देतील ते घ्यायचं आणि तोंड न उघडता निघून जायचं.

दुसऱ्याच दिवशी नन्नासाहेबांच्या फोनवर टिंग वाजलं. चौकोनात प्रश्न आला होता: भिंगरीला मांजराला जेवू घालायचा खेळ हवा आहे. खाली दोन बटणं, ‘परवानगी द्या’ आणि ‘नाकारा’. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि समाधानानं नाकारलं. मग रंग भरायचा खेळ आला, नाकारला. केक सजवायचा आला, तोही नाकारला. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या अंगात जोम आला. खिडकी पुन्हा उघडली होती आणि पलीकडे मागणारं माणूस उभं होतं. तीन-चार खेपांनंतर वाचायचीही गरज उरली नाही. दुपारी शाळा सुटायच्या वेळी टिंग वाजायचं, हे चष्म्याशिवायच खालच्या बटणावर बोट दाबायचे आणि पुन्हा कुशीवर वळायचे. कधी संध्याकाळी आणखी एकदा वाजायचं. “पोरगी चिकाटीची आहे, माझ्यावर गेलीय,” असं ते शेजाऱ्याला कौतुकानं सांगायचे.

मात्र फोन काही येईना.

ते वाट बघत होते. अंघोळीला जाताना फोन बाहेर स्टुलावर ठेवायचे, आवाज पूर्ण वाढवून. दाढी रोज करायला लागले, कारण तोंड दिसणार होतं. आपण होऊन फोन लावायचा तर ते तत्त्वात बसत नव्हतं. माल पाठवला की घेणाऱ्यानं पोच द्यायची असते, देणाऱ्यानं ‘मिळाला का’ म्हणून दारोदार फिरायचं नसतं, हा स्टोअरचा नियम होता आणि नात झाली म्हणून नियम कसा मोडायचा? दिवसामागून दिवस गेले. हळूहळू त्यांना खात्री पटली की यामागे सून आहे. तिनंच पोरीचे कान भरलेत. तिनंच ‘आजोबांना फोन करायचा नाही’ अशी ताकीद दिलीय. खेळ मागायला टॅब चालतो आणि आजोबांशी बोलायला चालत नाही! झोप उडाली, मग रक्त तापलं, आणि एका सुट्टीच्या दिवशी सकाळी नन्नासाहेब सोक्षमोक्ष लावायला निघाले. टॅब परत आणायचा. माल ज्या कामासाठी दिला त्या कामाला येत नसेल तर तो परत जमा करायचा, एवढं सरळ.

दोन बस बदलून ते पोहोचले. सगळं भाषण वाटेत तयार झालं होतं. दार सुनेनं उघडलं. “या,” एवढंच म्हणाली. मुलगा घरात नव्हता, सुट्टी असूनही कामावर गेला होता. घर लहान होतं, खिडकीत कपडे वाळत होते, आणि बल्ब-काडेपेट्यांकडे बघून नन्नासाहेबांच्या तोंडात आलेले दोन प्रश्न त्यांनी कष्टानं गिळले.

“टॅब न्यायला आलोय,” ते उभ्यानंच म्हणाले. “वापर होत नाहीये.”

सून म्हणाली, “बाबा, माझ्यावरचा राग माझ्यावर काढा ना. मी काही म्हणणार नाही. त्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलंय?”

“मी? मी काय केलं? फोन कुणी येऊ दिला नाही? पोरीला कुणी शिकवलं?”

“मी तिला काही शिकवलेलं नाही. उलट यांनाही सांगितलंय, बाबांना एक शब्द विचारायचा नाही. रोज तोंडावर नाही म्हणणाऱ्या माणसाच्या पाया पडायचं नाही.”

नन्नासाहेबांना काही समजेना. तेवढ्यात आतून भिंगरी आली, जांभळ्या कव्हरातला टॅब पोटाशी धरून. ती धावत येऊन बिलगली नाही. दोन हातांवर थांबली आणि तिनं विचारलं, “आजोबा, तुम्ही रागावलात का?”

“मी कशाला रागावू? तूच एक फोन केला नाहीस मला.”

“मी तर रोजच करते. तुम्ही नाही म्हणता.”

“मी कधी नाही म्हटलं?”

“रोज. थांबा, दाखवते.” तिनं टॅबवर बोट फिरवलं आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. त्याच क्षणी नन्नासाहेबांच्या खिशात टिंग वाजलं. त्यांचा हात खिशात गेला, फोन बाहेर आला, अंगठा सवयीनं खालच्या बटणाकडे वळला. मग त्यांनी तो थांबवला, चष्मा शोधला, लावला आणि वाचलं: भिंगरीला ‘आजोबा’ यांच्याशी बोलायचं आहे.

त्यांनी पुन्हा वाचलं. दुपारच्या त्या सगळ्या टिंगा आठवल्या, संध्याकाळच्या आठवल्या, कुशीवर वळणं आठवलं. मांजर आणि केक पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपले होते. त्यानंतर ती पोर रोज फक्त आजोबाच मागत होती. नन्नासाहेबांना लाज वाटली आणि मिळाली त्या खुर्चीवर ते बसले.

“मग तू... तरी रोज विचारत होतीस?” त्यांनी विचारलं.

“हो. तुम्ही पहिल्यांदा नाहीच म्हणता ना. मग पुन्हा विचारायचं असतं.” ती सहज म्हणाली, एखाद्याला रस्ता सांगावा तसं.

सून खिडकीकडे तोंड करून वाळलेले कपडे काढायला लागली. ते कपडे अजून ओलेच होते.

नन्नासाहेबांनी ‘परवानगी द्या’ दाबलं. यंत्राचं समाधान झालं नाही, त्यानं विचारलं, फक्त एकदा की नेहमीसाठी? एरवी या प्रश्नावर त्यांनी आठवडाभर विचार केला असता. त्यांनी ‘नेहमीसाठी’वर बोट दाबलं, आणि यंत्रावर विश्वास नसल्यामुळे आणखी दोनदा दाबलं.

“आता लागेल?” भिंगरीनं विचारलं.

“लागेल. लावून बघ.”

“इथून नाही,” असं म्हणून ती टॅब घेऊन आतल्या खोलीत पळाली आणि तिनं दार लावून घेतलं. फोन वाजला. आवाज पूर्ण वाढवलेला असल्यामुळे अख्खी इमारत दचकली असेल. पडद्यावर तिचं कपाळ आलं, मग एक डोळा, मग सगळं तोंड. ती गंभीर होती. इतके दिवस मनात घोकलेलं एकदाचं म्हणायचं होतं आणि आजोबा पलीकडच्या खोलीत बसलेत म्हणून त्यात बदल करायचं तिला काही कारण दिसत नव्हतं.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुम्ही आमच्याकडे राहायला कधी येणार?”

नन्नासाहेबांनी फोन जरा बाजूला केला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती ओले कपडे हातात घेऊन उभी होती.

“विचारतेय ती,” ते हळूच म्हणाले. “दोन दिवस आलो तर चालेल का गं? तू म्हणशील तेव्हा.”

सुनेनं कपडे पुन्हा एकेक करून दोरीवर टाकले, चिमटे लावले.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.

“बरं,” नन्नासाहेब म्हणाले, आणि फोन तोंडासमोर धरून तसेच बसून राहिले.