साखरेचं मंदिर आणि पुढचा जाड बार

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमची गाडी इगतपुरी रस्त्यावरच्या एका लॉन्समध्ये, दुसऱ्याच लोकांच्या लग्नात शिरली. गाडी मी चालवत होतो. मागच्या सीटवर सासूबाई, पत्नी वैशाली आणि दोघींच्या मध्ये तीन फूट उंचीचं साखरेचं मंदिर होतं. कोणीही जखमी नाही.

मंदिर धाकट्या मेहुणीच्या, स्वातीच्या रुखवताचं. सासूबाई तीन आठवडे त्यावर खपल्या होत्या. मधल्या मेहुणीच्या लग्नातही असंच मंदिर माझ्याच गाडीतून गेलं होतं. चौकात वळताना गाडी एका अंगाला झुकली आणि कळस सासूबाईंच्या मांडीवर आला. रुखवत बघून त्या लग्नातल्या नवरदेवाने विचारलं होतं, "हा किल्ला कुठला?"

तो नवरदेव म्हणजे माझे साडू राजेंद्रराव. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात इंजिनियर आहेत. (हे ते स्वतःच सांगतात. न विचारता.)

"जावईबापू, या टायमाला मंदिर राजेंद्ररावांच्या गाडीतून जाईल," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एक संधी द्या. गाडी झुकणारच नाही, अशी सोय करतो!"

सोय म्हणजे जाड स्टॅबिलायझर बार. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ही पोलादी दांडी वळणावर गाडीला एका बाजूला कलू देत नाही. नाशिक रोडचे आमचे मेकॅनिक रऊफभाई म्हणाले, "साहेब, जाडा बार मागे टाकू."

"मागे? इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकं पुढे. पुढे टाका!"

"तेच तर बोलतोय ना! पुढची चाकं ओढतात पण, वळवतात पण. त्यांनाच अजून कडक केलं तर वळणावर पकड सोडतील. स्टेअरिंग फिरेल, गाडी सरळ जाईल. मागे टाकला तर नाक आत येतं. तिथंपण लय जाडा नको, नाहीतर शेपूट फिरेल."

पंचवीस वर्षं मी बातम्या संपादित केल्या आहेत. महत्त्वाचं ते पुढे. किरकोळ ते शेवटच्या परिच्छेदात, जागा कमी पडली तर कापायला. मागचा बार म्हणजे शेवटचा परिच्छेद! मी पुढचा मागवला.

रविवारी गाडी खरोखरच झुकली नाही. त्याच चौकात मंदिर ढिम्म!

"आई, कळस बघा!"

"कळस मी बघते. तुमी रस्ता बघा."

"अहो, हळू," वैशाली म्हणाली.

"अगं, झुकतेय का? मग?" (झुकणं थांबलं की आपण किती वेगात आहोत तेही कळत नाही, हे त्या वेळी मला माहीत नव्हतं.)

हायवेवरून आत गेलेल्या खडीच्या वाटेवर शेवटी डावीकडे वळलं की आमचं लॉन्स, सरळ गेलं की शेजारचं. आमच्या फाटकात राजेंद्रराव कमरेवर हात ठेवून उभे दिसले. त्यामुळे मी वेग कमी केला नाही. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. गाडी सरळ. आणखी फिरवलं. पुढची चाकं डावीकडे बघत होती आणि गाडी सरळ निघाली होती! ब्रेक लागला तेव्हा आम्ही शेजारच्या कमानीखाली होतो. कमानीच्या झेंडूच्या माळा तुटून बॉनेटवर पडल्या होत्या. दोघींनी कवटाळलेलं मंदिर शाबूत होतं.

फुलांनी सजलेली गाडी बघून बँड सुरू झाला!

"नवरदेव आले! ताट आणा, ताट!" एक काका ओरडले.

"अहो, काच वर घ्या!" वैशाली म्हणाली. तोवर खिडकीतून मला कुंकू लागलं होतं.

"नवरदेव जरा वयस्कर वाटतात, नाही?"

"जागरण झालं असेल गं."

तेवढ्यात दोन मुलींनी मागचं दार उघडून मंदिर उचललं. "अय्या, किती सुंदर! रुखवतात ठेवूया."

"ए पोरी, ठेव ते खाली!" सासूबाई बाहेर झेपावल्या. "माझ्या स्वातीचं हाय!"

मागे खऱ्या नवरदेवाची गाडी हॉर्न देत होती. फाटक मी अडवलं होतं.

राजेंद्रराव चालत आले. मुलींच्या हातातून मंदिर अलगद घेतलं.

"वळायला जमलं नाही का?"

"ते पुढच्या चाकांची पकड..."

"हो. गेटवरून दिसलं."

ते मंदिर घेऊन शंभर पावलं चालत गेले. दहा पन्नासला मंदिर रुखवतात लागलं. अकराला व्याही आले. विहीणबाईंनी विचारलं, "इतकं नाजूक काम एवढ्या लांबून आणलं कोणी?"

"राजेंद्ररावांनी," सासूबाई म्हणाल्या.

सोमवारी रऊफभाईंनी पुढे मूळचा बार परत बसवला आणि मागे थोडा जाड टाकला. गाडी आता वळते. शेजारच्या लग्नाच्या व्हिडिओत 'नवरदेवाचं आगमन' या शीर्षकाखाली पहिले सतरा सेकंद मी आहे. राजेंद्ररावांनी तो मिळवून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आहे.