हजेरीबाईंच्या दोन तासिका

हजेरीबाई वर्गात शिरल्या की हजेरीपुस्तक उघडत नसत. दारातूनच बाकांवर नजर फिरवत आणि कोण आलं नाही ते कारणासकट सांगत. "परबांची सुमन आज इली नाय. घरात आज्येक बरा नाय." मालवणजवळच्या आमच्या शाळेत हे नाव त्यांना मुलांनीच दिलं होतं.

चाळिशीनंतर त्या चुकू लागल्या. सातवीत सहावीचा धडा काढत. दोन मुलं एकदम बोलली की गोंधळत. मी मुख्याध्यापिका होते. बाई दिसायला धडधाकट, त्यामुळे मला तो हलगर्जीपणा वाटला. शिक्षकांच्या बैठकीत सर्वांसमोर मी विचारलं, "बाई, लक्ष कुठे असतं तुमचं?"

बैठकीत नेहमी शुद्ध मराठी बोलणाऱ्या बाई त्या दिवशी मालवणीत म्हणाल्या, "माका ऐकाक येता, मॅडम. पण समजाक येळ लागता."

कोणीतरी हसलं. मी त्याला थांबवलं नाही.

पुढे त्यांची एका डोळ्याची नजर अंधुक झाली, तेव्हा गोव्याला तपासण्या झाल्या. मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं, मग मेंदूचे निरोप सावकाश पोचतात, असं त्यांनीच मला समजावलं. त्या एसटीने गोव्याच्या इस्पितळात जाऊन लक्ष टिकवायचे सराव शिकून येत: एका वेळी एकच काम, लगेच लिहून ठेवणं, दमायच्या आधी विसावा. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाची कामं लिहून एकेक पुसत. मुलांना सांगत, "एकेकट्यान बोला रे." मुलं तसं बोलायला शिकलीही.

त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं. दुपारी डोकं थकतं, तर शेवटच्या दोन तासिका सकाळी मिळाव्यात. मी म्हटलं, "तुमच्यासाठी वेळापत्रक बदललं तर उद्या सगळेच मागतील." खरं तर एका शिक्षकाला विचारलं असतं तर अदलाबदल झाली असती. मी विचारलंच नाही. वर्षअखेरीस बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक केलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्या आता वेंगुर्ल्याला भावाकडे राहतात; गेल्या महिन्यात मी तिथे गेले. बाई ओटीवर बसल्या होत्या. मनात घोळवलेली माफी मी एका दमात बोलून टाकली. त्यांनी हात वर केला.

"सावकाश, मॅडम. एका वेळाक एक."

मग एकेक वाक्य सांगून मी थांबत गेले. बैठकीतलं ते हसणं. वेळापत्रक. न विचारलेला शिक्षक. असं सुटं सुटं सांगताना काहीच लपवता येईना.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एकेक बोट दुमडत तिन्ही गोष्टी सावकाश मोजल्या.

"समजला," त्या म्हणाल्या.

माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.