आलं ते लिहा

विज्ञानशिक्षणात नेतृत्व कसं करावं, हे नागपूरच्या शिबिरात आठवडाभर ऐकून मी लाखनीला परतले, तेव्हा डोक्यात नुसतं वारं शिरलं होतं. कॉलेजात नुकतंच मला भौतिकशास्त्राची विभागप्रमुख केलं होतं. आमची बीएस्सीची पोरं पेंडुलमवरून गुरुत्वाकर्षणाचा ‘जी’ काढायची, म्हणजे नऊशे ऐंशी हे पुस्तकातलं उत्तर आधी लिहून उलटी रीडिंगं भरायची. मी जाहीर करून टाकलं, यापुढे आलं ते लिहा.

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जुनंच चालू ठेवलं. ऐकलं फक्त एका मुलीनं. कोंढ्याच्या शेतकऱ्याची ही लेक इथं मामाकडे राहायची. मार्क पडले तर नागपूरला एमएस्सी, नाही तर लग्न, असं घरून स्पष्ट सांगितलेलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिचा ‘जी’ नऊशे चाळीस आला. टेबल डुगडुगणारं, त्यात हायवेवरच्या ट्रकांनी खोली हादरायची. तिनं हळूच विचारलं, “मॅडम, आलं ते लिहू, का याले पाहिजे होतं ते लिहू?”

शिबिरात हे कुणी सांगितलंच नव्हतं! मी तोंड उघडायच्या आत तिनं आलं ते लिहिलं, खाली कारणही दिलं: टेबल हलते, ट्रक जातात.

बाहेरून आलेले परीक्षक हसले. “बाकी सगळ्यांचं बरोबर आलं. ट्रक काय हिच्याच टेबलावरून गेला?”

आता हिला वाचवायचं तर बाकीच्यांना खोटं ठरवावं लागणार, आणि तीही माझीच पोरं. भयंकर राग आला, पण कुणाचा तेच कळेना. शेवटी म्हटलं, सर, तुम्हीच काढून बघा. त्यांनी बाह्या सरसावून बराच वेळ पेंडुलम हलवला. मग आपल्या आकडेमोडीचा कागद कुणाला न दाखवता खिशात घातला आणि तिला इतरांइतकेच मार्क दिले.

ती नागपूरला गेली. मी स्वतःवर जाम खूश. नवीन टेबलंसुद्धा भांडून आणवली.

पुढच्या वर्षी परीक्षेआधी सराव घेतला. सगळ्यांचा ‘जी’ नऊशे चाळीस. खाली सगळ्यांचं एकच वाक्य: टेबल हलते, ट्रक जातात.

माझं डोकंच फिरलं. अरे, टेबल आता कुठं हलतं, असं विचारलं. एक मुलगी उठली.

“पण मॅडम, तिले याच उत्तरावर मार्क भेटले होते ना?”